आकेसाचं राहिलेलं कापड

ज्वालामुखी फुटला त्या संध्याकाळी लाट आली आणि केलेपीची बायको आकेसा लाटेत गेली. दुसऱ्या दिवशी ती नारळीच्या बुंध्याला अडकलेली सापडली. टोंगा बेटांवर माणसाला झाडाची साल ठोकून केलेल्या कापडात गुंडाळून पुरतात. गावातल्या कितीतरी मयतांना आकेसाने ठोकलेलं कापड गेलं होतं. तिच्या वेळेला मात्र घरात चिंधीसुद्धा उरली नव्हती. तिला ताडपत्रीत पुरावं लागलं.

वर्ष झालं की थडग्यावरचे गोटे धुवायचे, तेल लावून परत मांडायचे आणि काळे कपडे उतरवायचे. त्या दिवशी तरी थडग्यावर कापड घालायचं, असं केलेपीने ठरवलं. ठोकणाऱ्या बहुतेक बाया मुलांकडे परदेशी निघून गेल्या होत्या. आकेसाची थोरली बहीण लोसालिने शेजारीच राहायची, पण लाटेत मोडलेला तिचा हात नीट सांधला नव्हता. म्हणून केलेपीच आकेसाची मोगरी घेऊन बसला. राखेतून वाचलेल्या झाडांची साल त्याने सोलली, भिजवली आणि ओंडक्यावर ठोकून रुंद करू लागला.

"डुक्कर मारतोयस का?" लोसालिने कुंपणावरून म्हणाली.

"मग दाखवा ना, आक्का."

"हे बायांचं काम. उद्या वेणी घालून फिरशील." असं म्हणत ती येऊन बसलीच. "मधून कडेला ने. पाणी मार. अरे, हळू! ती साल आहे, तुझी सासू नव्हे."

"तुमची आईच ती, आक्का."

लोसालिने हसली.

पूर्वी सकाळी सगळं गाव या ठोक्यांनी वाजायचं. आता एकट्या केलेपीचा आवाज यायचा, तोही अडखळत. पण ठोकत असला की त्याला घर रिकामं वाटायचं नाही.

वर्ष भरत आलं आणि गावच्या सरदारांची आई वारली. गावचा कारभारी दारात आला.

"केलेपी, मोगरी ठेव खाली. मोठ्या घरचं सुतक आहे. आवाज नको."

"किती दिवस?"

"वरून सांगतील तोवर."

"माझं कापड अर्धं आहे रे."

"मला माहीत आहे," कारभारी म्हणाला आणि मान खाली घालून गेला.

लोसालिने म्हणाली, "वरच्या रानात जा. वाऱ्यात कोण ऐकतंय?"

तो ओंडका खांद्यावर घेऊन गेला. अळूच्या वाफ्याशी बसला, मोगरी उचलली. पूर्वी थोरले सरदार वारले होते तेव्हा त्यांच्या पोरीचं, केलेपी-आकेसाच्या पोरीचं, लग्न तोंडावर होतं आणि लग्नाचं कापड असंच अर्धं होतं. आकेसाने मोगरी खाटेखाली सरकवली होती. तो चिडला तेव्हा ती म्हणाली होती, "लग्न होईल की कापडाशिवाय. मेलेल्या माणसाजवळ ठोकू कशी?"

केलेपीने मोगरी खाली ठेवली आणि ओंडका घेऊन परत आला.

गोटे धुवायचा दिवस आला. त्याने आणि लोसालिनेने एकेक गोटा तेलाने पुसून मांडला. वर घालायला काही नव्हतं. "ताडपत्रीतच राहिली गं बाई," लोसालिने म्हणाली. केलेपीने दुखवट्यासाठी कमरेला बांधलेली फाटकी चटई सोडली, काळा सदरा काढला. सगळ्यांसाठी आकेसाचा दुखवटा संपला होता.

पुढे सुतक फिटल्याची दवंडी झाली, तोवर साली वाळून लाकडासारख्या कडक झाल्या होत्या. त्याने त्या पुन्हा पाण्यात घातल्या.

"आता कशाला?" लोसालिनेने विचारलं. "दिवस गेला की."

"दिवस गेला. तिचं कापड राहिलंय."

ती कुंपणापलीकडे निघून गेली.

सकाळी तो ओंडक्याशी बसला. चार ठोक्यांत साल फाटली. त्याने फाटलेल्या जागी कंदाची खळ लावून तुकडा चिकटवला.

"पाणी मार!" कुंपणापलीकडून आवाज आला.

त्याने पाणी मारलं आणि पुन्हा मोगरी उचलली. सालीची पट्टी अजून वीतभरच रुंद झाली होती.