आटलेला नकाशा

मित्रांनो, मी सोलापूर जिल्ह्याचा एक जुना नकाशा आहे. जुना तर आहेच, शिवाय थोडा आटलेलाही आहे. नकाशा फाटतो, विटतो, उंदरांच्या तोंडी जातो, हे तुम्ही पाहिले असेल. पण तो आटतो कसा, हे तुम्हाला ठाऊक नसणार. तीच हकिगत सांगतो.

माझा जन्म छापखान्यातला. आधी मी नुसता कागद होतो. मग मला कापडावर चिकटवले, वरून चकचकीत रोगण दिले आणि वर-खाली एकेक लाकडी दांडी ठोकली. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका सातवीपर्यंतच्या शाळेत मी आलो, तेव्हा हिरेमठ गुरुजींनी मला भिंतीवर टांगले, दोन पावले मागे सरून पाहिले आणि म्हणाले, "झकास!" त्यानंतर मला झकास कोणी म्हटले नाही, म्हणून ते लक्षात राहिले आहे.

माझे काम मुलांना अंतर मोजायला शिकवण्याचे. रस्त्याच्या वळणावळणाने दोरा धरायचा, मग तो फूटपट्टीवर मोजायचा. माझ्या कोपऱ्यात लिहिले होते, 'एक सेंटिमीटर बरोबर दोन किलोमीटर'. आलेल्या आकड्याची दुप्पट केली की झाले. याला शब्दप्रमाण म्हणतात. माझ्या पायथ्याशी एक रेघही होती, तिच्यावर शून्यापासून पन्नास किलोमीटरपर्यंत खुणा. ते रेषाप्रमाण. तिच्यावर थेट दोरा ठेवला तरी अंतर कळते. पण मुलांना दुपटीचे गणित सोपे वाटे आणि गुरुजीही ती रेघ पाच मिनिटांत उरकत. बिचारीकडे कोणी ढुंकून पाहत नसे.

सगळ्यांची बोटे आधी सोलापुरावर पडत, त्यामुळे ते शहर सर्वांत आधी झिजले. पुढे उन्हाळ्यांनी रोगण तडकले, पाठीचे कापड कुजले आणि करमाळा एका दोऱ्यावर लोंबू लागला. मग शिपाई सिद्धाप्पाने मला गुंडाळून झाडूंच्या कोपऱ्यात उभे केले. दोन वर्षे मी झाडूंच्या संगतीत काढली. वाईट वाटे. ज्याच्यावर अख्खा जिल्हा आहे त्याच्याकडे कोणी पाहू नये, म्हणजे काय?

पाहिले ते महादेवीने. १९७४ साल होते आणि ती सातवीत होती. तिचे वडील वीरभद्रप्पा भवानी पेठेत घरच्या मागावर चादरी विणत. वार्षिक परीक्षा महिन्यावर आली असताना ती गुरुजींना म्हणाली, "गुर्जी, मी नीट करून आणते की ह्याला. आमच्या घरी कापड हाय, खळबी हाय."

खळ म्हणजे सुताला ताठपणा यावा म्हणून लावतात ती पिठाची पेज. वडील दोन दिवस गावाला गेले होते. ते यायच्या आत काम उरकावे म्हणून महादेवीने घाई केली. माझ्या पाठीचे कुजके कापड भिजवून सोलले, नव्या मांजरपाटाला खळ फासली आणि मला त्यावर हलक्या हाताने बसवले. तिच्या बोटांत फार माया होती. पण एक गोष्ट ती विसरली. मांजरपाट कोरा होता. कोरे कापड आधी भिजवून आटवून घ्यायचे असते, हे विणकराच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असते. खळ वाळली, कापड आटले आणि त्याने मलाही आपल्याबरोबर ओढून घेतले. अंगभर बारीक सुरकुत्या पडल्या. मी पुन्हा भिंतीवर चढलो. पण नकाशाचा धडा केव्हाच संपला होता, त्यामुळे कोणाला काही कळले नाही.

निकालानंतर दोन दिवसांनी वीरभद्रप्पा शाळेत आले. मागे दाराशी महादेवी उभी होती.

"गुर्जी, पोरीचा दाखला न्यायला आलोय. सात यत्ता लई झाल्या. आता घरात कांड्या भरंल."

मागाला लागणारे सूत कांडीवर गुंडाळण्याचे ते काम. गुरुजी कळवळून म्हणाले, "अहो, पहिली आलीय ती! आठवीला घाला तिला."

"पयली आली, झ्याक झालं. पन शिकली काय, ते तरी कळू द्या की."

महादेवी पुढे आली. "आप्पा, मी हितं उभं राहून कुठल्याबी गावाचं अंतर सांगते."

"व्हय? मग अक्कलकोट सांग."

अक्कलकोट ही वीरभद्रप्पांची सासुरवाडी. दर महिन्याला सायकलने जात. त्या रस्त्यावरचा दगडन्‌दगड त्यांना पाठ होता. महादेवीने दोरा धरला, फूटपट्टीवर मोजला. साडेअठरा सेंटिमीटर.

"सदतीस किलोमीटर."

वीरभद्रप्पा हसले. "चाळीस हाय, बाई. तुज्या नकाशानं तीन खाल्लं. द्या गुर्जी दाखला."

मित्रांनो, त्या क्षणी मला खिळ्यावरून निसटून खाली पडावेसे वाटले. जिने मला झाडूंतून उचलले, तिचीच शाळा माझ्यामुळे सुटत होती. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

महादेवीचे डोळे भरले, पण ती जागची हलली नाही. तिने पुन्हा मोजले. पुन्हा साडेअठराच. तेवढ्यात तिचा हात माझ्या सुरकुत्यांवरून फिरला आणि थांबला. तिने माझा कोपरा उलटून पाहिला.

"आप्पा, चूक माजी हाय. मांजरपाट कोराच लावला मी. भिजवला न्हाई."

वीरभद्रप्पांनी कापड चिमटीत धरून चोळले. "आटलंय की! इनकराची पोर ना तू? कोरं कापड लावतंय व्हय कुनी?"

"चुकलं आप्पा. पन..." ती बोलता बोलता थांबली आणि एकदम म्हणाली, "पन कापडासंगं सगळंच आटलंय की! रस्ता आटला, तशी ही खालची रेघबी आटली असंल!"

तिने तोच दोरा माझ्या पायथ्याच्या रेघेवर धरला. एक टोक शून्यावर. दुसरे टोक बरोबर चाळिसावर.

वीरभद्रप्पा खाली बसले. आपल्या जाड बोटांनी त्यांनी दोरा स्वतः लावून पाहिला. चाळीसच.

"हे तुमी शिकिवलं, गुर्जी?"

"रेघ मी शिकवली, तीही घाईघाईने," गुरुजी म्हणाले. "आटण्याचे तिचे तिने काढले. मला सुचले नसते."

गुरुजींनी दाखल्याचे पुस्तक उघडून नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली आणि एका रकान्यापाशी त्यांची लेखणी अडली. "शाळा सोडण्याचे कारण काय लिहू?"

वीरभद्रप्पांनी लेकीकडे पाहिले. मग मान खाजवत विचारले, "आठवीत जायचं असलं की काय लिवतात?"

'पुढील शिक्षणासाठी' असे गुरुजींनी इतके जोरात लिहिले, की निब कागदात रुतली.

"आन्‌ कांड्या?" महादेवीने हळूच विचारले.

"त्या सांजच्याला भर," वीरभद्रप्पा म्हणाले.

आता माझ्या जागी नवा, गुळगुळीत नकाशा लागला आहे आणि मी कपाटात असतो. माझी तक्रार नाही. फक्त मला दुमडू नका, गुंडाळून उभे ठेवा. आणि मित्रांनो, एखादा जुना नकाशा चुकीचे सांगतो म्हणून त्याला फेकायला निघालात, तर आधी त्याच्या पायथ्याच्या रेघेवर दोरा लावून पाहा.