दोराला लागलेली माणसं

न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर एकट्या माणसाचं काही खरं नसे, म्हणून माणसांच्या जमावाला तिथे शब्द भरपूर. ते शब्द गोळा करायला सेंट जॉन्सच्या विद्यापीठातून मिस आयव्हनी नावाची मुलगी आली होती आणि आठवडाभर सेलीना मावशीच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली होती. एका कार्डावर एक शब्द, खाली त्याचा अर्थ.

"होडीवर जाते ती टोळी," मावशी बटाटे सोलता सोलता सांगे. "सीलच्या शिकारीला बर्फावर उतरते ती तुकडी. टोळीत सगळे सारखे, तुकडीत एकाचा हुकूम चालतो. किनाऱ्यावर मासे वाळवणाऱ्या बायांचा ताफा."

"आणि नुसते बसून राहणारे पुरुष?"

"तो कंपू. खाडीपलीकडे दुकानाच्या पायरीवर बघ जाऊन. दुपारी गेलीस तर झोपलेला असेल."

मुलगी हसत लिहून घेई. एकदा तिने विचारलं, "आणि लॉज?"

मावशीची सुरी थांबली. "लॉज म्हणजे लॉज. प्रोटेस्टंट पुरुष शपथ घेऊन जमतात ते. त्याला दुसरा शब्द नाही, आणि असला तरी मी सांगायची नाही."

"मग तुम्ही यातल्या कशात, मावशी?"

"मी बटाट्यांत."

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. लॉजच्या मिरवणुकीच्या दिवशीच मावशीचा नवरा अझराया सहा गडी घेऊन शेजारच्या कॅथलिक वस्तीत, कॉन फ्लिनचं लाकडी घर दोरांनी ओढून पाण्यात उतरवायला गेला. उधाणाची भरती त्याच दिवशी होती, तिला मिरवणुकीचं काय सोयरसुतक! लॉजने त्याचं नाव यादीतून काढलं. तेव्हापासून लॉजच्या कुणी त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. तो वारला तेव्हा लॉजचा प्रमुख एलाय हाइन्स दारात येऊन म्हणाला, "तुझा माणूस गेला, वाईट झालं." माणूस म्हणाला, नाव नाही. मावशीने ते गिळलं, पण पचवलं नाही.

आता सरकार गाव हलवत होतं. शाळा, दुकान, डॉक्टर, सगळं खाडीपलीकडे. लोकांनी आपापली घरं पाण्यावर तरंगवत पलीकडे नेली होती. मावशीचं तेवढं राहिलं होतं. भाच्याने चिमणी उतरवून घराखाली ओंडके सारले होते, भोवती रिकामी पिंपं बांधली होती. पण घर पाण्यापर्यंत ओढायचं म्हणजे पन्नासेक माणसं हवीत. येत्या उधाणाची भरती चुकली की पुढची पंधरा दिवसांनी, आणि तोवर वादळं सुरू. मग अझरायाने फळी फळी जोडून उभं केलेलं घर इथेच कुजणार आणि मावशी भाच्याच्या माळ्यावर.

तिथे घर ओढायला कुणी कुणाला बोलावत नाही. छपरावर बावटा लावायचा आणि गप्प बसायचं. ज्याला यायचं तो येतो. मावशीने भरतीच्या दिवशी पहाटे बावटा लावला आणि अंगणात चूल मांडून मासा नि भिजवलेला कडक पाव चौघांपुरताच शिजवला. जास्त शिजवून स्वतःची थट्टा कशाला करून घ्या?

नऊ वाजता कॅथलिक वस्तीच्या होड्या आल्या. कॉन फ्लिन, त्याचे पोरगे, सुना, वीसेक माणसं. पाठोपाठ खाडीपलीकडून एलायची मोटारबोट आली, मागे आणखी चार. लॉजचे झाडून सगळे होते.

"बावटा दिसला," एलाय तिच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला.

"डोळे शाबूत आहेत म्हणायचे," मावशी म्हणाली. एवढ्या माणसांना आता खायला काय घालणार, हे पहिलं मनात आलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

दोर दोन होते. एक कॅथलिकांनी धरला, एक लॉजने. दोघांचे हाळी देणारे वेगळे, हाळी वेगळी. हे ओढायचे तेव्हा ते दम घ्यायचे. घर डावीकडे कलायचं, मग उजवीकडे. खिडकीची काच तडकली. "तुमचा हाळीवाला कापताना कोकरू ओरडतं तसा ओरडतोय," लॉजमधून कुणीतरी म्हणालं. "तुमचा तर ओरडतोय का पेंगतोय तेच कळेना," तिकडून उत्तर आलं. मिस आयव्हनी कार्डं गवतात टाकून लॉजच्या दोराच्या शेपटाला लागली होती. तासाभरात घर चार हात सरकलं. पाणी चढायचं थांबलं होतं. आता उतरणार.

या किनाऱ्यावर हाळी द्यायची अझरायाने. त्याच्या हाळीत ओढणाऱ्यांना एक प्रश्न असायचा, आणि उत्तर देता देताच ओढायचं. तो गेल्यापासून ती हाळी कुणी दिली नव्हती. मावशी उंबऱ्यावर चढली. बाईने हाळी द्यायची रीत नव्हती. तिने छाती भरून घेतली.

"कुणाचं हो घर?"

"अझरायाचं!" कॅथलिक दोर म्हणाला आणि ताणला गेला. लॉजच्या दोरावर सगळे गप्प. घर त्या बाजूला अडून करकरलं.

"कुणाचं हो घर?"

पुन्हा अर्धंच उत्तर. मावशी एलायकडे बघत राहिली. त्याची मान लाल झाली होती, टाचा चिखलात रुतल्या होत्या. एवढी वर्षं दाताखाली धरलेलं ते एक नाव. त्यावाचून तो दोर ओढू शकत नव्हता, आणि सोडूही शकत नव्हता.

"कुणाचं हो घर?" तिसऱ्यांदा तिचा आवाज चिरकला.

"अझरायाचं," एलाय म्हणाला. मोठ्याने नाही. पण मागच्याने ऐकलं, त्याच्या मागच्याने ऐकलं, आणि पुढच्या खेपेला साठ तोंडांतून ते नाव एकदम निघालं, आणि मावशीच्या पायाखालचं घर चाललं. खरोखर चाललं. ओंडके गडगडले, कपाटातली भांडी खणखणली. तिने चौकट घट्ट धरली. असं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं. साठ पाठी एका वेळी वाकत होत्या, आणि कुठली पाठ कुणाची हे तिला सांगता आलं नसतं.

पुढची हाळी द्यायची म्हणून तिने तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना. कुणी थांबलं नाही. प्रश्न आता एलायच विचारत होता.