माझा एक टणक डोळा

कोण बोलतंय म्हणून वर बघू नका, खाली बघा. या जाळीच्या पिशवीत, सशाच्या खाली आणि कासवाच्या वर दबलेला मी बोलतोय, ढब्बू पाणघोडा. उचलायचं असेल तर पोटाला धरून उचला. कान ओढू नका, एक आधीच उसवलाय. हा ढब्बू फार काळजी करतो, असं पिशवीतले सगळे प्राणी म्हणतात. करतो, बाबा. माझ्यावर जे गुदरलं ते त्यांच्यावर गुदरलं असतं म्हणजे कळलं असतं.

माझा जन्म एका जुन्या कोटातून झाला. कोट एका मावशीचा होता, कोपरांवर विरलेला. तिचा भाचा तापानं अंथरुणाला खिळला होता, आणि गप्प पडून राहील तो भाचा कसला! त्याला गुंतवायला मावशीनं कोट कापला, माझ्या पोटात चिंध्या ठासल्या आणि डोळ्यांच्या जागी कोटाचीच दोन काळी, जाडजूड बटणं लावली. खरं तर करायचा होता हत्ती. सोंड काही जमेना, म्हणून मी पाणघोडा झालो.

भाचा मला गालाखाली घेऊन झोपायचा. एकदा धुताना माझं डावं बटण तुटलं आणि मोरीतून वाहून गेलं. अर्धं जग दिसेनासं झालं हो! भाच्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा मावशीनं उरलेल्या बटणाला मेण लावलेल्या जाड दोऱ्यानं इतके टाके घातले की तिची बोटं लाल झाली.

"आता जग बुडालं तरी हा डोळा निघायचा नाही," ती म्हणाली. मला केवढा धीर आला तेव्हा!

पुढे भाचा मोठा झाला आणि मी कपाटाच्या वरच्या फळीवर गेलो. धूळ, अंधार, आणि कुरतडणाऱ्या उंदराची रोजची धास्ती. आपलं आता संपलं, असं मी धरूनच चाललो होतो. पण एक दिवस त्यानंच मला खाली काढलं, झटकलं आणि शाळेत नेलं. तो खेळाचा सर झाला होता.

"चेंडूला मुलं घाबरतात. ढब्बूला कोण घाबरणार?" सर म्हणायचे.

त्यांच्या तासाला खेळही तसलेच. आम्हा पिशवीतल्या प्राण्यांना डोक्यावर ठेवून बाकावरून चालायचं. गुडघ्यांत धरून बेडूकउड्या मारायच्या. सर "पूर आला!" असं ओरडले की आम्हाला उचलून पलीकडच्या गादीवर पोचवायचं. चौघाचौघांनी चादर धरून आम्हाला आभाळात उडवायचं. मी घाबरायचो, पण खोटं कशाला बोलू, मजाही यायची. मुलं इतकी हसायची की धापा टाकत खाली बसायची.

मग ते झालं. एक मुलगा आहे, त्याला सगळे तोफ म्हणतात. त्यानं मला जोरात वर फेकलं आणि झेलायला स्वतःच खाली उभा राहिला. झेल हुकला. माझं बटण त्याच्या कपाळावर असं बसलं की टम्म टेंगूळ आलं. त्यानं केस पुढे ओढून ते झाकलं आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. सगळे मला मऊ समजतात. मी मऊ आहेच, पण सगळीकडे नाही!

त्यातच ती आली. लाजाळू. हे नाव मुलांनी ठेवलेलं, कारण समोरून काहीही आलं की ती लाजाळूच्या पानासारखी मिटायची; डोळे घट्ट बंद, खांदे कानांपर्यंत. तिचे बाबा तिला सोडायला दारापर्यंत आले होते.

"सर, तिच्या डोळ्यावर चेंडू बसला होता. बरेच दिवस पट्टी होती. दिसतं आता नीट, पण धसका गेला नाही. जबरदस्ती तेवढी करू नका."

"अहो, हे बघा, नुसत्या चिंध्या आहेत," सरांनी माझं पोट दाबून दाखवलं. "यानं काय लागणार?"

लागतं! मी ओरडलो. पण माझं तोंड शिवलेलं. कोण ऐकणार?

सर माणूस चांगला, पण मला बघताना त्यांना लहानपणीचा ढब्बूच दिसायचा. घरच्या मांजराची नखं घरच्यांना कुठे दिसतात! त्यांनी लाजाळूला हळूहळू खेळात आणलं. आधी ससा तिच्याकडे नुसता लोळवला. मग हातात दिला. मग एका पावलावरून टाकला. ती डोळे मिटायचीच, पण हात पुढे करू लागली. तिची प्रगती बघून सगळे खूश, आणि माझा मात्र जीव टांगणीला. हे बटण तुटून पडावं असं वाटायचं. लगेच वाटायचं, नको रे बाबा, पडलं तर मला कायमचा अंधार. घरी कपाळाला आठ्या घालून बसणारी माणसं असतात ना, तसं माझं झालं होतं. फक्त मला कपाळ नाही.

शेवटी तो तास आला. "आज लाजाळू खरा झेल घेणार," सर म्हणाले, "आणि आपल्या सगळ्यात मऊ गड्याचा!" त्यांनी पिशवीत हात घातला. मी कासवाच्या खाली दडायला बघत होतो. पण आलो मीच.

"सर, मी आधी हात लावून बघू?" लाजाळूनं विचारलं.

तिनं मला मांडीवर घेतलं आणि अंगठ्यांनी दाबत सुटली. पाठ, पोट, पाय.

"लाजाळू भाजी निवडतेय!" मागून कुणीतरी खिदळलं. तिचे कान लाल झाले, पण हात थांबले नाहीत. अंगठा बटणावर आला आणि तिथेच थबकला.

"सर, हे टणक आहे."

"अगं, तो डोळा आहे त्याचा. मी लहानपणी त्यावर गाल ठेवून झोपायचो."

"तेव्हा तुम्ही झोपायचात. आता हा उडत येणार."

हशा थांबला. तोफनं पायाच्या अंगठ्यानं गादी उकरली. "सर... मला लागला होता. कपाळाला."

"कधी? बोलला का नाहीस?"

"तुम्ही ढब्बूला आत ठेवून दिलं असतं म्हणून."

सरांनी बटण स्वतःच्या अंगठ्यानं दाबून बघितलं. त्यांनी लाजाळूकडे बघितलं. "आणि मी तुझ्या बाबांना छातीठोक सांगितलं होतं," ते म्हणाले. मग औषधांच्या पेटीतून कात्री आणली आणि दोऱ्याला लावली. पण हात पुढे जाईना.

"मावशीनं लावलेलं आहे गं हे."

"राहू दे, सर. मी कासव झेलते."

सुटलो! अगदी खरं सांगतो, आधी तेच मनात आलं.

"कासव तू आज झेलशील," सर म्हणाले. "उद्या ढब्बू कुणाच्या डोळ्यावर बसेल?"

त्यांचं बरोबर होतं. मला कळत होतं आणि तरी नको वाटत होतं. एक एक टाका कट् कट् तुटत गेला. लाजाळूनं मला समोर धरलं होतं. तिच्या भुवईपाशी बारीकसा व्रण होता, आणि दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून ती माझ्याकडे बघत होती. मला शेवटचं दिसलं ते एवढंच.

मग काळोख. बटणाच्या जागी एक बोट हळूहळू फिरत होतं. "दुखलं का रे तुला?"

नंतर मी हवेत होतो. गादी कुठे, भिंत कुठे, काही कळेना. अरे देवा, म्हणेपर्यंत दोन तळव्यांनी मला गच्च धरलं, आणि सगळा वर्ग ओरडायला लागला. त्यात तोफचा आवाज सगळ्यांच्या वर. "उघडे होते! सर, तिचे डोळे उघडे होते!"

बटण सरांच्या खिशात असतं. हात घातला की कुठल्यातरी किल्लीवर वाजतं. रंगीत दोऱ्यानं डोळे भरून देतो, असं ते म्हणालेत. देतील, आठवण झाली की.

लाजाळू, तू आलीस हे मला तुझ्या बोटावरून कळतं. सर फेकतात तेव्हा मी अजून घाबरतो. म्हणून एकच मागणं आहे, बाई. डोळे मिटू नकोस. आता आपल्या दोघांत बघणारी तू एकटीच आहेस.