मामाची मिशी आणि भाच्याचं जावळ

शिवशंकरची मिशी हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात त्याच्यापेक्षा जास्त प्रसिद्ध होती. नाव विसरलेला माणूसही 'ते मिशीवाले' एवढंच म्हणाला तरी कोणीही त्याला बरोबर शिवशंकरच्या शेतातल्या आखाड्यावर नेऊन सोडत असे. मिसरूड फुटल्यापासून त्या मिशीला वस्तरा लागला नव्हता. रोज सकाळी तिला तेलाचं बोट मिळायचं, मग आरशासमोर उभं राहून दोन्ही टोकांना पीळ. एवढी सेवा बैलांची केली असती तर ते हत्तीएवढे झाले असते, असं त्याची बायको संगिता म्हणायची.

तर अशा या मिशीवाल्याला पाच वर्षांपासून एकच ध्यास लागला होता. भाच्याला मांडीवर घेऊन त्याचं जावळ काढायचं. लेकराचे जन्माचे केस पहिल्यांदा उतरवायचे ते मामाच्या मांडीवर, हा मामाचा मान. पण इथे मामा सेनगाव तालुक्यात आणि भाचा नेदरलँड्समध्ये. धाकटी बहीण कोमल तिकडे नोकरीला, नवरा रणजीतही तिकडेच. रुद्र जन्मला तेव्हा विमानंच बंद होती. पुढे कधी व्हिसा अडला, कधी सुट्टी. कोमलने मात्र पोराच्या केसाला कात्री लावू दिली नाही. तिकडचे लोक रुद्रला मुलगी समजायचे, आणि ती हसून सांगायची, की हे केस माझ्या भावाचे आहेत, मी फक्त सांभाळते आहे. हे ऐकून शिवशंकरचा ऊर असा भरून यायचा, की पुढचे दोन दिवस तो भेटेल त्याला ते सांगत सुटायचा.

आता पोराचं पाचवं सरत आलं होतं आणि जावळ याच वर्षी निघालं पाहिजे, असं आशाबाईंनी, म्हणजे शिवशंकरच्या आईने, बजावलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत कोमल, रणजीत आणि रुद्र यायचे ठरले. शिवशंकरने भावकीला आवतण दिलं, आचारी सांगून ठेवला, भाच्यासाठी जरीचा ड्रेस आणला, आणि गाडी घेऊन नांदेडच्या स्टेशनावर रेल्वेच्या वेळेच्या कितीतरी आधी जाऊन उभा राहिला.

फोनच्या काचेत पाहिलेलं पोरगं डब्यातून उतरलं. कमरेपर्यंत वेणी. शिवशंकरने दोन्ही हात पसरले, तसं ते पोरगं आईच्या मागे सरकलं आणि वेणी पुढे घेऊन छातीशी धरून उभं राहिलं.

"मामा, तू माझे केस कापून टाकणार हायेस का?"

कोमलने पोराला शिकवलेलं मराठी अगदी हिंगोलीचं होतं. शिवशंकरला खोटं बोलणं जमेना. तो म्हणाला, "व्हय."

"मग मी तुझ्याकडं येत न्हाई."

आणि तो आला नाही. गाडीतसुद्धा मधे बॅग ठेवून पलीकडे बसला. कोमलने भावाला हळूच सांगितलं, की पोराला आता या केसांचं वेड लागलंय. शाळेत एवढे लांब केस दुसऱ्या कोणाचे नाहीत, तिथे तो वेणीवरून ओळखला जातो. शिवशंकरने नकळत स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला.

आशाबाईंना यात काही अडचण दिसत नव्हती. लेकरं रडतातच, दोघांनी धरायचं, लखमा न्हाव्याने मशीन फिरवायची, घटकाभरात काम मोकळं. पण शिवशंकर ऐकेना. त्याने पाच वर्षं वाट पाहिली होती ती काही रडत्या लेकराला दाबून धरायला नाही. "ते आपल्या पायानं मांडीवर आलं तर जावळ," तो म्हणाला, "न्हाई तर जेवून घेऊ आन् जाऊ द्या." आशाबाईंनी कपाळावर हात मारला. जावळाला चार दिवस उरले होते.

मग मामाने भाच्याला जिंकायला काढलं. पाहुण्यांना मुलूख दाखवायचाच होता, त्यात हेही साधेल म्हणून तो सगळ्यांना गाडीत घालून निघाला. आजोबा, म्हणजे संतरामबाबा, पुढच्या सीटवर खिडकीशी. रणजीत हा खरं तर हिंगोलीतच वाढलेला, लहानपणी हापशाचं पाणी ओंजळीने प्यायलेला गडी, पण आता बंद बाटलीशिवाय घोट घेत नव्हता आणि रस्त्यातल्या प्रत्येक म्हशीचा फोटो काढत होता. औंढ्याला नागनाथाच्या देवळाच्या भिंतीवरचे हत्ती पाहून रुद्र हरखला. त्याने देवळाला वळसे घालून घालून ते मोजले, दरवेळी आकडा वेगळा आला, आणि आजोबांना शपथेवर सांगितलं की मधेच एक हत्ती जागा बदलतो. संतरामबाबांनी ते लगेच मान्य केलं. मामाने कुल्फी दिली, ती त्याने घेतली, पण खाताना बसला तो आजोबांजवळ.

दुसऱ्या दिवशी वसमतला हळदीच्या बाजारात गेले. पिवळे ढीगच ढीग, हवेत हळदीची पूड, शिंकून शिंकून सगळ्यांची पुरेवाट. रुद्रची वेणी पिवळी झाली आणि तो आनंदाने नाचायलाच लागला. दोन ढिगांमधून उडी मारायला त्याने पहिल्यांदा मामाचं बोट धरलं. शिवशंकरला वाटलं, जमलं. तो हुरळून म्हणाला की असंच बोट धरून परवा मांडीवर बसायचं, आणि बोट सुटलं. ट्रॅक्टरवर बसवून झालं, करडू उचलून झालं, आंबे झाले. पोरगं सगळं घ्यायचं, गोड हसायचं आणि रात्री झोपताना आईला सांगायचं की वेणी घट्ट बांध, मामा आसपास आहे.

तिसऱ्या दिवशी सिद्धेश्वरचं धरण. ओळखीच्या मासेवाल्याने त्यांना आपल्या होडीत घेतलं. पाणी उन्हाळ्याने खाली गेलं होतं, तरी रुद्रला ते समुद्राएवढं वाटलं. त्याने वेणी सोडली होती. मधे गेल्यावर वारा सुटला आणि त्याचे केस उडून थेट मामाच्या तोंडावर आले, आणि मिशीत अडकले. सोडवायला गेलं तर आणखीच गुंतले. मामा-भाच्याची तोंडं जवळ, मधे केसांचा गुंता, आणि कोमल हसता हसता एकेक केस मोकळा करते आहे. रुद्र खिदळत होता. इतक्या जवळून त्याने मामाला पहिल्यांदाच पाहिलं होतं.

शिवशंकरने संधी साधली. "केसाचं काय घेऊन बसला रे बापू? पुन्हा येतेत की. होते तसे येतेत."

रुद्रने विचार केला. तो विचार करायला लागला की जिभेचं टोक बाहेर काढायचा.

"मिशी पण पुन्हा येते का?"

"येते ना."

"मग तू मिशी काप. मग मी केस कापतो."

मासेवाल्याचा हात वल्ह्यावरच थांबला. रणजीतने कॅमेरा खाली घेतला. त्या पोराला काय ठाऊक, की इकडे गडीमाणूस मिशी उतरवतो ती एकदाच, बाप गेल्यावर. आणि इथे बाप त्याच होडीत, समोर, डोक्याला उपरणं गुंडाळून सुपारी कातरत बसला होता. संतरामबाबांनी वर पाहिलं, नातवाकडे, मग मुलाच्या मिशीकडे, आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

घरी आल्यावर आशाबाईंनी घर डोक्यावर घेतलं. धडधाकट नवरा डोळ्यांसमोर असताना पोराने मिशी उतरवायची म्हणजे काय. असलं अभद्र या घरात चालायचं नाही. पोरगं लहान आहे, पण मामाला तर अक्कल आहे ना. शिवशंकर मान खाली घालून ऐकत होता. आईचं त्याला पटत होतं, आणि खरं सांगायचं तर आईआड लपायलाही बरं वाटत होतं. कारण मिशी जाणार या विचाराने तोच धास्तावला होता. मिशीशिवाय आपण कोण, हे त्याला नीटसं ठाऊक नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं, की चार दिवसांपासून ते लेकरू वेणी छातीशी धरून फिरतंय, त्याच्याही मनात हेच होत असणार. त्यानंतर त्याने रुद्रजवळ जावळाचा शब्दसुद्धा काढला नाही.

जावळाचा दिवस उजाडला. गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळापुढे, लिंबाच्या सावलीत मांडव पडला होता. कढईत बुंदी तळली जात होती. गोरेगावात सलून असलेला लखमा वस्तरा, मशीन, वाटी मांडून तयार होता. शिवशंकर नवं धोतर नेसून पाटावर बसला, मांडी घालून, आणि मांडी रिकामी. रुद्र समोर आईच्या कमरेला मिठी मारून उभा. भावकीतली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. आशाबाई पुढे झाल्या आणि पोराच्या दंडाला धरणार, एवढ्यात संतरामबाबा खुर्चीवरून उठले.

"लखमा," ते म्हणाले, "आधी शिवाची मिशी घे."

आशाबाईंनी पदर तोंडाला लावला. मांडवात कुजबुज झाली. शिवशंकर म्हणाला, "बाबा, असं काहून बोलून राहिले?"

"काहून म्हंजे? माझ्यासाठी तुला एक दिस काढायचीच हाये ना? तवा मी पाहायला असन का? आज काढ. माझं पोरगं कसं दिसतं ते मला बी पाहू दे." मग ते मांडवाकडे वळले. "मी जिता हाये आन् मीच सांगून राहिलो. कोणाला तकलीफ असन तर त्यानं मला बोलावं."

आशाबाई रडू लागल्या, आणि रडता रडताच नवऱ्याला म्हणाल्या की तुमच्या तोंडाला कधी लगाम नव्हताच. लखमाने दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग वाटीत ब्रश फिरवला. शिवशंकरने डोळे मिटले. वस्तरा चार वेळा फिरला आणि वीस वर्षांची सेवा टॉवेलवर पडली.

डोळे उघडले तेव्हा पहिली हसली ती संगिता. वरच्या ओठावर पांढराफटक पट्टा आणि बाकी चेहरा उन्हाने रापलेला. पण आशाबाई जवळ आल्या, त्यांनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, आणि त्यांचं रडणं थांबलं. दहावीच्या परीक्षेला गेलेलं त्यांचं पोरगं इतक्या वर्षांनी परत समोर बसलं होतं. संतरामबाबा एकटक पाहत होते. "तुझ्या आईवर गेला रे तू," ते म्हणाले. "मिशीखाली समजूनच आलं न्हाई."

आता सगळे रुद्रकडे पाहू लागले. तो मात्र मामाकडे पाहत होता, जीभ बाहेर काढून. शिवशंकरला वाटलं, मिशी तर गेली, आणि आता पोराने ओळखच दाखवली नाही तर? रुद्रने आईची कंबर सोडली. सावकाश चालत तो पाटापाशी आला आणि मामाच्या ओठावर बोट ठेवून पाहिलं.

"दुखलं का?"

"न्हाई."

"मग कसं वाटून राहिलं?"

"गार वाटतं," शिवशंकर म्हणाला. त्याला बोलताना ओठ परक्याचा वाटत होता.

रुद्रने मान हलवली, पाठ फिरवली आणि मामाच्या मांडीवर बसला. आपणहून. मामाने पहिली बट कापली, आशाबाईंनी ती नव्या कापडात झेलली, आणि पुढचं लखमाने केलं. अर्ध्यात रुद्रचे डोळे भरले होते, पण मामाने हात धरला तो त्याने सोडवून घेतला नाही. शेवटी तुळतुळीत डोक्यावरून त्याने स्वतःच हात फिरवला आणि मामाकडे वळून म्हणाला, "व्हय रे, गार वाटतं." शिवशंकर सगळ्यांदेखत रडला आणि त्याला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

गंमत पुढेच झाली. पंगती बसल्या असताना गोरेगावचे बियाणेवाले विजयकुमारशेठ मोटारसायकलवरून चालले होते. त्यांना दिसला मांडव, दिसल्या पंगती, आणि मांडवाच्या तोंडाशी बिनमिशीचा शिवशंकर. ते गाडी लावून खाली मान घालून आले आणि त्यांनी शिवशंकरचे दोन्ही हात हातात घेतले. कधी झालं, आम्हाला कोणी कळवलंही नाही, बाबा म्हणजे अगदी देवमाणूस, असं ते बोलतच सुटले. एवढ्यात मागून बुंदीची बादली घेऊन संतरामबाबा आले.

"बोला शेठ, थांबू नका," ते म्हणाले. "आणखी काय काय चांगलं व्हतं माझ्यात?"

शेठ मटकन खुर्चीत बसले. त्यांना पाणी देऊन सावध करावं लागलं आणि मग बुंदीही वाढावी लागली. तोवर संतरामबाबा गेल्याची बातमी कोणीतरी रस्त्याने पुढे नेली होती. दुपारभर माणसं येत राहिली. शेजारच्या गावच्या पारुबाईने तर सडकेवरूनच हंबरडा फोडला, आणि संतरामबाबांनी स्वतः पुढे जाऊन तिला हाताला धरून मांडवात आणलं. पुढे पुढे त्यांना त्याची गोडीच लागली. मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून ते आलेल्या प्रत्येकाला आधी रडू देत, मग जेवायला बसवत. रणजीतने म्हशींपेक्षा जास्त फोटो त्या दिवशी काढले, आणि बाटली विसरून माठातलं पाणी प्याला.

"चला," उन्हं कलल्यावर बाबा आशाबाईंना म्हणाले, "माझ्यासाठी कोण कोण रडतं ते बी पाहून झालं. लई हायेत गं." आणि त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

रुद्र केव्हाच झोपला होता. जेवल्यावर तो पुन्हा मामाच्या मांडीवर येऊन बसला होता, कोणी न सांगता, आणि बसल्या बसल्या कलंडला होता. त्याचं चकचकीत डोकं मामाच्या दंडावर होतं. मांडव सोडायला माणसं आली, पाट उचलायला आली. पोराला खाटेवर टाक, तुझा पाय बधिर झाला असेल, असं संगिता दोनदा सांगून गेली. पाय खरंच बधिर झाला होता. मांडीपासून टाचेपर्यंत मुंग्या येत होत्या, पण शिवशंकर हलला नाही. माणसांनी मांडव त्याच्या भोवतीने सोडला, आणि तो भाच्याला घेऊन तसाच पाटावर बसून राहिला.