लाल बटणावरचा स्टिकर

साहेब, माझं बटण तुम्ही झाकलंत. विमानतळावर सामान तपासणीच्या टेबलामागे बसून, माझ्याकडे धड न बघता 'तपासले' छापलेला स्टिकर नेमका त्याच्यावर थापलात. आता ऐकून घ्या.

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या पाठीत बसवलेला पत्र्याचा डबा. भिंतीतली वीज घ्यायची, तिला मवाळ करायची आणि आतल्या सगळ्यांना वाटायची, हे माझं काम. काही देशांत भिंतीतून जेवढे व्होल्ट येतात, त्याच्या दुप्पट दुसऱ्या देशांत येतात. म्हणून माझ्या पाठीवर नखाएवढं लाल बटण आहे. देश बदलला की ते सरकवायचं. एवढंच!

माझी मालकीण आमच्या कॉम्प्युटरवर कापडाची नक्षी काढायची. पानाची एक वेलांटी मनासारखी येईपर्यंत चहाचं पार पाणी व्हायचं, पण ही बाई हलायची नाही. माझ्या पंख्यातली धूळ ती जुन्या कुंचल्याने झाडायची. अशी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

आम्ही राहायचो तो देश कमी व्होल्टचा; मग तिला दुप्पट व्होल्टच्या देशात नोकरीची संधी आली. सोमवारी नमुने दाखवायचे होते, आणि सगळे नमुने फक्त आमच्या डिस्कमध्ये. निघताना तिने तुम्हाला विचारलं होतं, साहेब.

"तिकडची वीज वेगळी आहे म्हणतात. याचं काही बदलावं लागेल का?"

"स्टिकर लावलाय ना बाई? बिनधास्त लावा. चला, पुढचे!"

तिकडे धाकट्या भावाच्या घरी माझी जोडणी झाली. पिन बसेना, म्हणून त्याने मधे लावायचा अ‍ॅडाप्टर आणला.

"ताई, बसली बघ! आता काय मुहूर्त बघतेस?"

"थांब रे, विजेचं..."

"तपासलंय म्हणून छापलंय की त्यांनी!" म्हणत त्याने भिंतीवरचं बटण दाबलं.

फाट्! माझ्या पोटात धूर झाला, घरातले दिवे गेले. पण मित्रांनो, मी मेलो तो दारात आडवा पडून. आत डिस्कपर्यंत एक ठिणगी जाऊ दिली नाही.

"ताई, मी वाटोळं केलं गं तुझं," भाऊ रडकुंडीला आला.

"आधी पिन काढ. मग खिडकी उघड. रडायचं मागाहून बघू."

तिने मला बाहेर काढलं, पाठीवरून बोट फिरवलं. स्टिकरखाली उंचवटा लागला. नखाने खरवडला, तर लाल बटण अजून जुन्याच देशात!

"तुझी चूक नाही रे," ती म्हणाली. "मी विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी नवा डबा आला. त्याच्या पाठीवरचा व्होल्टचा आकडा तिने भावाकडून मोठ्याने वाचून घेतला.

"दोनशेतीस."

"परत वाच."

"दोनशेतीस, माझे आई!"

"हां. आता लाव."

डिस्क गुणगुणली आणि पडद्यावर ते पान उघडलं, वेलांटीसकट. सोमवारी ती ताठ मानेने नमुने घेऊन गेली. आता तिथेच कामाला आहे.

मला तिने भंगारात टाकलं नाही. मी तिच्या टेबलावर आहे, अर्धा स्टिकर अंगावर घेऊन. मित्रांनो, परक्या भिंतीला यंत्र लावण्याआधी त्याची पाठ स्वतः बघा. छापलेल्या शब्दावर जाऊ नका.

आणि साहेब, तुम्ही. तिने तोंडाने विचारलं होतं, बटण तुमच्या अंगठ्याखाली होतं. मग तुम्ही तपासलंत काय? बोला.