सुभेदारांच्या जीपचं काजळ

फौज सुटून वर्षं लोटली, तरी ‘तपासणी’ हा शब्द कानी पडला की सुभेदार मानसिंगांची पाठ आपोआप ताठ व्हायची. म्हणून सांगलीहून भाचीचा फोन आला, “मामा, रविवारी साताऱ्याला येते. तुमच्या जीपचा धूर तपासायचाय. जीप आहे तशीच ठेवा,” तेव्हा त्यांनी तपासणी तेवढी ऐकली आणि बाकीचं वाऱ्यावर सोडलं.

भाची अंकिता सांगलीतच विश्रामबागच्या एका कॉलेजात इंजिनांवर संशोधन करत होती. इंजिन किती फिरतं, किती डिझेल पितं, हवेचा फिल्टर किती चोंदलाय, एवढं कळलं की ते किती काजळी ओकेल याचा अंदाज सांगणारं गणित तिनं मांडलं होतं. नव्या इंजिनांवर ते बरोबर उतरलं. आता एखादं म्हातारं, दमेकरी इंजिन हवं होतं; आणि मामांच्या जीपइतकं खोकणारं इंजिन साऱ्या साताऱ्यात नव्हतं. दिवाळीला पाहिलेला जीपचा काळाकुट्ट फिल्टर अंकितानं गणितात धरला होता. सोमवारी सरांपुढं आकडे ठेवायचे होते. जुळले तर पुढची वाट, नाहीतर पहिल्यापासून पाढे.

रविवारी सकाळी तिनं सायलेन्सरला नळी लावली. नळीतला धूर एका पांढऱ्या गोल कागदातून ओढला जायचा. कागद जितका काळा, तितकी काजळी जास्त. मानसिंगांनी ॲक्सिलरेटर दाबला. शेजारचे आप्पासो कुंपणावर कोपरं टेकून बघत होते. जीपला ‘धुराडं’ हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

कागद निघाला तो पिठावर धूळ बसावी एवढाच मळलेला.

“बगितलंस? डाग न्हाई!” मानसिंगांचा हात मिशीवर गेला.

अंकिताचा चेहरा मात्र उतरला. तिनं पुन्हा कागद लावला. पुन्हा तेच. “हा कोळशासारखा यायला पाहिजे होता, मामा. माझं गणितच चुकलं. उद्या सरांना काय तोंड दाखवू?”

मिशीवरचा हात खाली आला. जीपची अब्रू राखली की भाचीचीही राखली, असा त्यांचा हिशेब होता. सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर कुंपणावर आप्पासो. ते नुसतं बॉनेट पुसत राहिले.

तेवढ्यात अंबूबाई चहा घेऊन आल्या, गुणगुणतच:

“पहाटंच्या पाऱ्यामंदी, कुनाची गं जीप आली,
काजळाची भरली डबी, माज्या दारी उपडी केली.”

“कुणाची जीप, मामी?”

“आनि कुनाची?” अंबूबाईंनी दोरीवरची पांढरी चादर ओढून पसरली. मधोमध परातीएवढा काळा ठिपका. “काल सुभेदारांनी नवा फिल्टर बशिवला, सायलेन्सर फुंकून काडला. मागं माजी चादर वाळतीया, ती काय दिसली न्हाई. पाव्हणी बगाया येनार म्हनून नवरी नटवावी, तशी जीप नटवली बग!”

अंकितानं एकदा चादरीकडं पाहिलं, एकदा हातातल्या कागदाकडं, आणि हसून हसून खालीच बसली. “मामी, हा तर माझाच कागद, डबल बेडचा! आहे तशी ठेवा म्हणाले होते की मी, मामा!”

“अगं, इन्स्पेक्शनला कोन हाय तसं हुबं ऱ्हातंय व्हय?”

“जुना फिल्टर टाकून दिलात?”

मानसिंग आत गेले. काळ्या ट्रंकेतून, वर्दीच्या घडीखालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला फिल्टर घेऊन आले. “फौजेत जुनं जमा केल्याबिगर नवं मिळत न्हाई. सवय ऱ्हायली,” ते पुटपुटले. आप्पासोंकडं एकदा पाहिलं, भाचीकडं एकदा, आणि बॉनेट उघडलं.

इंजिन खोकलं, ठसकलं, ओळखीच्या सुरात गुरगुरलं. कागद निघाला तो तव्याच्या पाठीसारखा. अंकिता कॉम्प्युटरमध्ये आकडे भरू लागली आणि मानसिंगांनी श्वास धरला. जवानांची नेमबाजी बघतानाही असा धरला नसेल.

“जुळलं, मामा! उन्नीस-बीस आहे, पण जुळलं!”

कुंपणावरून आवाज आला, “काय सुभेदार, धुराडं पास का नापास?”

मानसिंगांनी तो काळा कागद मेडलसारखा छातीशी धरला. “धुराडं नापास, गड्या. भाची पास!”

“लय झ्याक,” अंबूबाई म्हणाल्या आणि चादरीची घडी त्यांच्या हातात ठेवली. “साबन नळाजवळ हाय.”