पाण्याला न लागलेली होडी

बाबली तांडेल कधी चुकत नसे. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं, आणि मालवणच्या किनाऱ्यावर ते मत खोडून काढायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नसे. वारा कधी फिरणार, बांगडा पाण्यातल्या कुठल्या खडपाजवळ लागणार, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ शोभेल, सगळ्यावर त्याचा निकाल तयार असायचा. पंचाईत अशी की बहुतेक वेळा तो खराही निघायचा. अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नाही, असं त्याची बायको गंगू कट्टा गावच्या बाजारात मासळी विकता विकता गिऱ्हाइकांना ऐकवायची, आणि त्यात तिला थोडा अभिमानही असायचा.

एवढ्या हुशार माणसाकडे एक गोष्ट मात्र नव्हती. स्वतःची होडी. विशीपासून तो दुसऱ्यांच्या होड्यांचं सुकाणू धरत आला होता. चाळिशी उलटली तरी मासळी दुसऱ्याच्या दारात उतरत होती आणि बाबली आपला वाटा टोपलीत घेऊन घरी येत होता. हे त्याला फार लागायचं. तो ते बोलून दाखवत नसे, एवढंच.

पोर्तुगीजांच्या गोव्याची हद्द बंद झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर एक वादळ झालं. ते निवळल्यावर सकाळी बाबली किनाऱ्यावर गेला तर वाळूत सागवानी ओंडका रुतलेला. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा जाड, आणि आतून ठणठणीत. समुद्राने टाकलेली वस्तू पहिला हात लावेल त्याची, असा वाडीचा रिवाज. पण बाबली नुसत्या रिवाजावर भागवणारा नव्हता. तो गावदेवाकडे गेला. गुरवाने देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि बाबलीने सगळ्यांसमक्ष विचारलं, ह्या लाकडाची होडी बांधू का? उजवी पाकळी पडली. कौल मिळाला. बाबली छाती काढून घरी आला.

पुढचे कितीतरी महिने सुतार त्याच्या मांगरात, घराशेजारच्या छपरीत, ठाण मांडून होता. घरात जे होतं नव्हतं ते त्या होडीत गेलं, गंगूच्या पाटल्यासुद्धा. ओंडक्याच्या एका टोकाला हातोड्याने ठोकलेली खूण होती, गोल आणि त्यात फुली. सुताराने ती रंध्याने काढायचा प्रयत्न केला, पण ती खोल होती. ते टोक होडीच्या कण्यात गेलं आणि खूण तळफळीखाली झाकली गेली. फाल्गुनापर्यंत होडी तोल सावरणाऱ्या उलांडीसकट तयार झाली. पाडव्याला ती पाण्यात लोटायची ठरली.

त्याच फाल्गुनात मालवणच्या बंदरात एक अरबी गलबत नांगरलं. मलबारातून लाकूड भरून ते मस्कतकडे परत चाललं होतं. गोडं पाणी घेऊन निघून जायचं, तर त्याचा नाखवा सुलेमान किनाऱ्यावर उतरला आणि भेटेल त्याला विचारत सुटला की हे जाळं कुणाचं? पांढऱ्या दाढीचा, सावकाश बोलणारा माणूस. खाली मलबारात जाताना वेंगुर्ल्याच्या समोर त्याला ते वाहतं सापडलं होतं. गोवा, कारवार, होन्नावर, थेट कालिकतपर्यंत प्रत्येक बंदरात त्याने विचारलं होतं आणि आता परतीच्या वाटेवर पुन्हा विचारत होता.

जाळं निघालं भिकाजीचं. भिकाजी बाबलीचा शेजारी. जाळं गेल्यापासून बिचारा दुसऱ्यांची ओझी उचलून दिवस काढत होता. ओळख पटवायला तो गलबतावर गेला, सोबत बाबलीही गेला, कारण असल्या कामात बाबलीशिवाय कुणाचं पान हलत नसे. भिकाजीने आपल्या हाताच्या गाठी ओळखल्या आणि जाळं छातीशी धरून तो भर डेकवर रडला. सगळे त्याच्याकडे बघत होते. बाबली मात्र त्याच्या पलीकडे रचलेल्या ओंडक्यांकडे बघत होता. प्रत्येकाच्या टोकाला गोल खूण होती आणि त्यात फुली.

सहज विचारल्यासारखं करून त्याने नाखव्याला विचारलं की ही खूण कसली. नाखव्याची हिंदुस्तानी बंदराबंदरांत शिकलेली, मोडकीतोडकी, पण समजायला अडचण नव्हती. त्याने सांगितलं, की ज्या व्यापाऱ्यासाठी तो लाकूड वाहतो त्याची ती खूण. गेल्या साली इथेच कुठेतरी वादळात दोर तुटले आणि काही ओंडके समुद्रात गेले. असो, अल्लाची मर्जी, असं म्हणून तो भिकाजीसाठी खजूर आणायला आत गेला.

बाबली घरी आला. गंगूने ताट वाढलं, त्याने घास मोडला आणि तसाच ठेवला. मग सगळं तिला सांगितलं. वाडीतला म्हातारा दाजी ओसरीवर बसला होता, त्यानेही ऐकलं. दाजीचं म्हणणं सरळ होतं. खूण तळफळीखाली आहे, गलबत उद्या परवा जाईल, अरबाला कोण सांगायला बसलंय? आणि देवाने कौल दिलाय, त्याच्यावर आणखी कुणाचं काय चालायचं? बाबलीला हे ऐकून बरं वाटलं. कौलाचा मुद्दा त्याच्याही ओठांवर होताच.

गंगू चुलीपुढून उठली. पाटल्या गेलेले तिचे मोकळे हात तिने पदराला पुसले.

"देवाक इचारलात, ता बरा केलात," ती म्हणाली. "पण माणसांक खंय इचारलात?"

देवळात बाबली गेला होता, पण बंदरावर गेला नव्हता. वेंगुर्ल्याला निरोप धाडला नव्हता, येणाऱ्या-जाणाऱ्या एकाही गलबताला हटकलं नव्हतं. आणि का नव्हतं, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. कुणी 'माझं' म्हणालं असतं तर? म्हणून तर त्याने देवाला 'होडी बांधू का' असं विचारलं होतं, 'लाकूड कुणाचं' असं विचारलंच नव्हतं. तिकडे परक्या मुलखातला म्हातारा फाटकं जाळं घेऊन कालिकतपर्यंत दारोदार फिरला, आणि इथे आपण होडी झाकून बसलो. बाबलीला स्वतःची लाज वाटली. त्याला लाजेची सवय नव्हती, त्यामुळे ती जास्तच झोंबली.

पण एकदा कळल्यावर घोळत बसणाऱ्यातला तो नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने नाखव्याला मांगरात आणलं, तळफळी उचलली आणि खूण दाखवली.

"लाकूड तुमचा," तो म्हणाला. "होडी घेवन जावा."

नाखवा वाकला. खुणेवरून त्याने बोट फिरवलं आणि किती तरी वेळ होडीकडे पाहिलं. हात फिरवून तिचे सांधे पाहिले, फळ्या पाहिल्या. मग त्याने विचारलं की तू हे लाकूड घेण्याआधी कुणाला विचारलंस का. बाबलीने देवाचं सांगितलं. नाखवा हसला नाही. देव खोटं सांगत नाही, तो म्हणाला, पण लाकूड व्यापाऱ्याचं होतं. आमच्याकडे सापडलेली वस्तू वर्षभर बाजारात ओरडून सांगावी लागते, मगच तिला आपली म्हणायचं.

आणि मग एक मजेशीर पेच पडला. होडी न्या, असं बाबली हट्टाने म्हणत होता आणि नाखवा नेईना. होडीत लाकूड व्यापाऱ्याचं असलं तरी घाम बाबलीचा होता, बायकोचे दागिने होते. दुसऱ्याचा घाम आपण कसा उचलून न्यायचा? बरं, मग लाकडावरचा हक्क सोडून द्या म्हणावं, तर तेही त्याला जमेना.

"माझं असतं तर ह्या घटकेला सोडलं असतं," नाखवा म्हणाला. "दुसऱ्याचं आहे. दुसऱ्याच्या वस्तूवर उदार होणं मला शोभत नाही."

बाबलीला हे लगेच पटलं, इतकं की त्याच्या मनातलंच कुणी बोलल्यासारखं वाटलं. दोन हट्टी माणसं होडीच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली आणि कुणीच मागे हटेना. शेवटी तोड बाबलीने काढली. नाखव्याने व्यापाऱ्याला जाऊन सगळं सांगावं आणि पुढल्या फाल्गुनात त्याचा शब्द आणावा. तोवर होडी आपली नाही. ती पाण्याला लागणार नाही. नाखव्याने उजवा हात छातीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गलबत गेलं.

पाडवा आला तेव्हा बाबलीने होडीवर माडाच्या झावळ्यांची झापं घातली. वाडीला करमणूक झाली. अरब कधी परत यायचा नाही, ह्यावर दाजीने पानाच्या विड्याची पैज लावली. श्रावणानंतर दर्या मोकळा झाला आणि त्या साली बांगडा असा लागला की होड्या भरून वाकल्या. बाबली पुन्हा दुसऱ्याच्या होडीवर गेला आणि पुन्हा टोपली घेऊन घरी आला. येता-जाता मांगरासमोरून जावं लागायचं. त्याला वाईट वाटायचं, खूप वाटायचं, पण कुणी विचारलंच तर तो मान वर करून सांगायचा की होडी अजून त्याची नाही, झाली की लोटील. त्याच्या तोंडावरून तो हरलाय असं कुणाला वाटलं नसतं.

कार्तिकात एका दुपारी आभाळ अचानक काळवंडलं. होड्या लांबवर दक्षिणेला गेल्या होत्या. बाबली त्या दिवशी तापाने घरीच होता. भिकाजी तेवढा एकटा, उसन्या मागून आणलेल्या छोट्या डोणीतून, आपलं परत मिळालेलं जाळं टाकायला खडपांपाशी गेलेला. वारा सुटला आणि किनाऱ्यावरून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डोण उलटली. भिकाजी तिच्या बुडाला धरून लाटांबरोबर खडपांकडे चालला. किनाऱ्यावर दुसरी होडी नव्हती. होती ती मांगरात.

बाबली मांगरापर्यंत धावला आणि तिथे त्याचे पाय थबकले. क्षणभरच, पण थबकले. दिलेला शब्द आजवर त्याने मोडला नव्हता. तोपर्यंत गंगू त्याला ओलांडून पुढे गेली होती आणि दोन्ही हातांनी झापं ओरबाडून फेकत होती.

"व्यापाऱ्याक काय सांगाचा ता मी सांगतंय," ती म्हणाली. "तुम्ही होडी काढा."

दाजीसकट होता नव्हता तो माणूस होडीला भिडला. गंगूचा भाऊ गणपत वल्ह्यावर बसला, बाबलीने सुकाणू धरलं आणि वर्षभर वाट पाहिलेली ती होडी ना नारळ, ना गुलाल, अशी एकदाची पाण्यात गेली. काय होडी होती ती! लाट अंगावर आली तरी मान वर ठेवून चालत होती. खडपांपासून हाताच्या अंतरावर त्यांनी भिकाजीला वर ओढला. जाळं ह्या वेळी कायमचं गेलं. भिकाजी वाचला.

संध्याकाळी बाबलीने होडी गोड्या पाण्याने धुतली, पुसली आणि पुन्हा मांगरात ठेवून तिच्यावर नवी झापं घातली. धुतली, म्हणजे कुणाला कळायचं नाही, असं दाजी समाधानाने म्हणाला. बाबलीने त्याच्याकडे असं पाहिलं की म्हातारा विडा तोंडात धरून गप्प बसला.

फाल्गुनात गलबत आलं. दाजी पैज हरला. नाखवा थेट वाडीत आला, ओसरीवर बसला, गंगूने दिलेलं पाणी प्याला. तो व्यापाऱ्याचं काही सांगणार, इतक्यात बाबलीने त्याला हाताने थांबवलं.

"आधी माझा आयका. होडी मी एकदा पाण्यात घातलंय."

नाखव्याचा चेहरा उतरला. मग त्याने सांगितलं की व्यापाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढाच निरोप दिला, तो माणूस शब्दाला जागला असेल, होडी कोरडी असेल, तर लाकूड त्याला माझ्याकडून बक्षीस. ओली झाली असेल तर होडी घेऊन ये.

गंगू दारात उभी होती. व्यापाऱ्याला सांगायचं तिने कबूल केलं होतं, ते ती आता बोलणार, तर बाबलीच उठला. मांगरात जाऊन तो झापं उतरवू लागला. हात जड झाले होते, पण थांबले नाहीत. होडी तुमची, तो म्हणाला, भरतीला लोटून देतो.

नाखवा मागोमाग आला आणि त्याने विचारलं की कुठल्या माशासाठी घातलीस.

"मासो नाय," बाबली म्हणाला. "माणूस."

आणि कुंपणापलीकडून बघत असलेल्या भिकाजीकडे त्याने मान वळवली. पुढचं भिकाजीनेच सांगितलं, अडखळत, हाताने खडपं दाखवत. नाखव्याने ते सगळं ऐकलं. मग उतरवलेलं एक झाप उचलून त्याने परत होडीवर ठेवलं.

"मी व्यापाऱ्याला सांगेन, होडी कोरडी आहे."

बाबलीने नकारार्थी मान हलवली. "माझ्यासाठी खोटा बोलू नकात."

"खोटं कसं?" नाखवा म्हणाला. "बुडणाऱ्याला काढायला गेलेलं लाकूड ओलं झालं, असं आमच्या किनाऱ्यावर कुणी म्हणत नाही."

बाबली त्याच्याकडे बघत राहिला. भिकाजी कुंपणाशी होता, गंगू दारात होती.

"आमच्याकडे पण," शेवटी तो म्हणाला, "कोण म्हणाचो नाय."